अम्मींचा पलंग आणि एदिर्नेचा शिफाखाना

गेल्या पावसाळ्यात आमच्या अम्मींच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. घरी आणल्यावर आम्ही त्यांचा पलंग आतल्या खोलीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास नको, शांत झोप मिळावी, एवढाच हेतू. पण चार दिवसांत त्यांचे बोलणे कमी झाले, जेवण तुटले. "अजान झाली का रे?" एवढेच अधूनमधून विचारत. त्या खोलीत ना सकाळ कळत होती, ना संध्याकाळ.

तेव्हा आम्हाला तुर्कस्तानातील एदिर्नेचा शिफाखाना आठवला. सुलतान बायझीद दुसरा याने तुंजा नदीकाठी मशीद, वैद्यकीय मदरसा आणि शिफाखाना असे संकुल उभारले. ते १४८८ मध्ये पूर्ण झाले. शिफाखान्याचे मुख्य दालन षटकोनी. वर घुमट, माथ्यावर उजेडासाठी झरोका, मधोमध पाण्याचे कारंजे आणि भोवती रुग्णांच्या खोल्या. पडल्या जागेवरून पाण्याचा आवाज ऐकू येई आणि सेवकांची नजरही सर्वांवर राही. मनोरुग्णांवरही इथे उपचार होत. सतराव्या शतकातील प्रवासी एवलिया चेलेबी लिहितो की, आठवड्यातून तीनदा वादक येऊन रुग्णांना संगीत ऐकवत आणि फुलांचा सुगंधही दिला जाई. आज तिथे आरोग्याचे संग्रहालय आहे.

आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली.

औषधाची जागा खिडकी घेऊ शकत नाही, हे खरेच. पण घर बांधताना आपण दिवाणखान्याच्या सजावटीचा जितका विचार करतो, तितका आजाऱ्याच्या खोलीचा करतो का? खिडकी, खेळती हवा, वजूच्या जागी धरायला दांडी, रात्री मंद दिवा, इयादतीला येणाऱ्यासाठी एक खुर्ची: यांना फारसा खर्च लागत नाही.

आम्ही अम्मींचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीपाशी आणला. समोर कडुलिंब, रस्त्यावर मदरशाला जाणारी मुले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "अरे, त्या पोराच्या डोक्यावर टोपी नाही बघ!"

घर पुन्हा घरासारखे वाटले. अल्हम्दुलिल्लाह.