तुंब्यातले दाते

मंडळी, बैलगाडीचे चाक कण्यावर मोकळे फिरते. ओढण्याचे काम बैल करतात आणि चाक आपले मागाहून गरगरत येते. म्हणून कण्याचे टोक गोल, गुळगुळीत असते; तुंब्यात वेळेवर वंगण घातले की काम भागते. फटफटीच्या मागच्या चाकाचे तसे नाही. तेथे चाकच गाडीला पुढे ढकलते. तेव्हा चाक फिरविणाऱ्या दांड्याने तुंब्याला आतून घट्ट धरून ठेवले पाहिजे. दांडा गुळगुळीत असेल तर तो नुसताच आत फिरत राहील आणि गाडी जागची हलणार नाही.

ही पकड यावी म्हणून दांड्यावर लांबीच्या दिशेने सरळ दाते कोरतात आणि तुंब्याच्या आत त्यांच्या जोडीच्या खाचा पाडतात. दांडा आत सरकवला की दात्यात दाता बसतो. कारागीर याला ‘स्प्लाइन’ म्हणतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी ही वस्तू रोज पाहिलेली आहे. रोटाव्हेटर जोडावयाचा जो पी.टी.ओ.चा दांडा ट्रॅक्टरच्या मागे असतो, त्यावर बहुधा सहा दाते असतात. सुमारे ३५ मिलिमीटर जाडीचा हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि सगळे जोर त्या सहा दात्यांवरून पुढे जातात. आता कोणी म्हणेल, मग वेल्डिंग करून कायमचेच का जोडत नाहीत? जोडता येईल, पण मग पंक्चर काढायला चाक उतरवायचे कसे? धरावे घट्ट, पण सोडवावे म्हटले तर सुटावे, ही सोय दात्यांनी होते. आणि जे सुटते ते थोडे हलतेही. सारे दुखणे इथेच सुरू होते.

आपल्या रस्त्यावरच्या बुलेट, राजदूत, येझदी या सगळ्या साखळीच्या गाड्या. साखळीऐवजी दांड्याने, म्हणजे शाफ्टने चाक फिरविणारी फटफटी आपल्याकडे विरळा.  जर्मनीतल्या म्युनिकच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९२३ साली आपली पहिली मोटारसायकल, आर-३२, काढली. मॅक्स फ्रिट्झ या अभियंत्याने तिची रचना केली होती आणि तेव्हापासूनच तिला शाफ्ट होता. पुढे १९६९ पासून बर्लिनच्या श्पांडाऊ भागातल्या कारखान्यात ५००, ६०० आणि ७५० सी.सी.च्या नव्या घडणीच्या गाड्या बनू लागल्या. मागे दोन शॉकॲब्सॉर्बर असलेल्या या घराण्यातल्या गाड्या १९८४ पर्यंत निघत होत्या. त्यांचे मागचे चाक दात्यांवर बसते. आज मी बोलणार आहे ते या गाड्यांविषयी, पण बरेचसे दुसऱ्या जुन्या शाफ्टच्या गाड्यांनाही लागू पडेल.

साखळीचा एक गुण असा की तिची झीज डोळ्यांना दिसते. साखळी लोंबते, खडखडते, स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकडे होतात, शेजारचा पोरगाही सांगतो, “काका, चेन बदलायला झाली.” शाफ्ट मात्र नळीच्या आत झाकलेला. त्यामुळे “शाफ्टच्या गाडीला काहीच करावं लागत नाही” अशी एक समजूत पसरली. ती निम्मीच खरी आहे. शाफ्ट स्वतः तेलात फिरतो, मागच्या पेटीतले शंकूच्या आकाराचे गिअरही तेलात बुडालेले असतात. पण त्या पेटीतून बाहेर येऊन चाकाच्या तुंब्यात शिरणारे दाते कोरडे असतात. तेथपर्यंत तेल पोहोचत नाही आणि पोहोचूही नये, कारण अगदी लागून ब्रेकचा ड्रम आहे. तेथे जे ग्रीस हाताने लावले असेल तेवढीच त्या दात्यांची शिदोरी.

ती संपली म्हणजे काय होते ते पाहा. कुदळीचा दांडा एकदा ढिला झाला की प्रत्येक घावाला तो हलतो आणि हलला की आणखी ढिला होतो, हा आपला अनुभव आहे. इथेही तेच. गाडीला गती दिली की दाते एका अंगाला दाबले जातात, गती सोडली की दुसऱ्या अंगाला. केसाएवढी हालचाल, पण हजारो वेळा. पोलादावर पोलाद घासून बारीक कण सुटतात आणि हवेने त्यांचा गंज होतो. हा गंज मऊ नसतो. पोलिश कागदासारखा तो दात्यांना घासतो. दात्यांचे वरचे कवच भट्टीत घालून मुद्दाम कठीण केलेले असते. ते फुटेपर्यंत झीज सावकाश होते, फुटल्यावर झपाट्याने. म्हणूनच “काल तर ठीक होती” असे मालक म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो.

शेवटी दाते पार झिजून गोल झाले की चाक आणि इंजिन यांचे नाते तुटते. चढावर हे झाले तर इंजिन किंचाळते आणि गाडी मागे येऊ लागते. उतारावर त्याहून वाईट. घाट उतरताना आपण गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि इंजिन तिला आवरते. तो आवर एका क्षणात नाहीसा होतो. या गाड्यांत ब्रेकचा ड्रम चाकातच असल्यामुळे मागचा ब्रेक शाबूत राहतो, हे नशीब. पण पाठीमागे माणूस बसलेले, सामान लादलेले आणि पुढे वळण, अशा वेळी नुसत्या ब्रेकवर सारा भार येणे काही बरे नव्हे.

तेव्हा तपासावे कसे? गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि मागचे चाक हाताने पुढेमागे हलवा. थोडे हलेल, गॅरेजात ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो हा. एवढ्यावरून घाबरू नका, कारण गिअरच्या दात्यांनाही फिरायला जागा ठेवलेली असते. आता आस काढून चाक डावीकडे सरकवा. ते दात्यांवरून निघून येईल. चाकाविना पेटीच्या तोंडाचा दातेरी भाग तसाच हाताने हलवून पाहा. जो प्ले अजून उरला तो गिअरचा. जो चाकाबरोबर गेला तो झिजलेल्या दात्यांचा. इतकी सोपी वजाबाकी आहे, पण लोक ती करीत नाहीत आणि चांगल्या गिअरची पेटी उगाच उघडून बसतात.

पुसण्यापूर्वी आतली घाण नीट पाहा. काळे, ओलसर ग्रीस असेल तर ठीक. विटेच्या चुऱ्यासारखी तांबडी पूड दिसली तर दाते कोरडे चालले आहेत असे समजा. ब्रेकची धूळ मात्र तोंडाने फुंकू नका. जुन्या ब्रेक-शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. मग शू झाकून, घासलेट किंवा डिझेल ब्रशने लावून दाते स्वच्छ करा व कोरडे करा.

नव्या दात्याचा माथा सपाट असतो आणि दोन्ही अंगे सारखी. झिजलेल्याचे एक अंग खाल्लेले असते, माथा अरुंद होत होत सुरीच्या धारेसारखा होतो. नवा दाता कसा होता हे कळावे कसे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर त्याच दात्यावर लिहिलेले आहे. समोरचा जोडीदार दात्याच्या पूर्ण लांबीला पोहोचत नाही. जिथे तो पोहोचत नाही तेवढा तुकडा मूळच्या जाडीचाच राहतो. नख फिरवा, दोन्हींच्या मध्ये पायरी लागेल. ती जेवढी मोठी तेवढी झीज मोठी. शाळेत कार्यशाळा असेल तर गुरुजींनी मुलांकडून ओल्या साबणाच्या वडीवर दात्यांचा ठसा घेववावा. झिजलेला आणि न झिजलेला भाग शेजारी शेजारी उमटतो आणि व्हर्नियरने मोजताही येतो. माझे मत विचाराल तर माथा धारदार झाला की तर्क करीत बसू नये, बदलावे.

बदलण्याची गोष्ट खर्चाची आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. आतले आणि बाहेरचे दाते जोडीने झिजतात, तेव्हा दोन्ही बाजू तपासल्याशिवाय एकच नवी घालू नये. जुन्याच्या वेड्यावाकड्या अंगावर नव्याचा कुठेतरी एखादाच भाग टेकतो, सारा भार तिथेच येतो आणि नवाही लौकर जातो. तुंब्यातली दातेरी कडी काढून दुसरी बसविणे चांगल्या लेथवाल्याला साधते. मात्र ती आसाच्या मध्याशी बरोबर जुळली आहे हे डायलने पाहून घ्यावे. पेटीकडचा भाग मोठ्या गिअरला धरून असतो. तो बदलायचा म्हणजे पेटी उघडून, पातळ चकत्या घालून गिअर पुन्हा जुळवायचा. हे काम जाणत्याकडेच द्यावे. झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंगचा थर चढवून कानशीने आकार देणारे लोक भेटतात. तो सल्ला ऐकू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने कठीण कवच बिघडते आणि कानशीने सगळे दाते सारखे होत नाहीत.

आणखी एक. नवे बसविण्याआधी जुने का गेले ते शोधा. या चाकांना निमुळती बेअरिंगे असतात. ती ढिली असतील तर चाक डुलते आणि दाते तिरपे घासतात. अशा चाकात सोन्याचे दाते बसविले तरी टिकायचे नाहीत.

जोडताना साधे ग्रीस न वापरता मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेली काळी पेस्ट घ्यावी; दाब आला तरी ती दात्यांमधून पिळून निघत नाही. प्रत्येक दात्याला ब्रशने पातळ हात पुरे. प्रेमाने गोळाभर भरली तर ती फेकली जाऊन ब्रेकवर येईल. टायर बदलताना चाक निघतेच, तेव्हा हे करावे. कोकणात, किंवा पावसात गाडी चालत असेल तर दिवाळीच्या सुमारास एकदा वेगळे करावे. पाण्याचा जोराचा फवारा तुंब्यावर मारणे बंदच करा. असेच कोरडे दाते क्लचच्या तबकडीतही असतात. गिअर अडकू लागला, क्लच नीट सुटेना, तर त्यांची शंका घ्यावी. पण तेथे जायला गिअरबॉक्स उतरावा लागतो, म्हणून क्लचचे काम निघेल तेव्हा तेही उरकून घ्यावे.

ज्यांच्याकडे शाफ्टची फटफटी नाही त्यांनी दोन जागा पाहाव्यात. १९७२ साली पुण्याजवळ आकुर्डीला निघू लागलेल्या जुन्या चेतक स्कूटरचा मागचा ड्रम अशाच दात्यांवर बसतो आणि मधल्या एका नटाने आवळलेला असतो. नट ढिला राहिला की ड्रमचे दाते जातात. तेव्हा नट पुरता आवळून त्याची पिन नवी घालावी. दुसरी जागा ट्रॅक्टरची. पी.टी.ओ.च्या दात्यांवरची तांबडी पूड पुसा, ग्रीस लावा, पण त्याआधी इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा आणि धोतराचा सोगा किंवा पदर खोचून घ्या. काम झाल्यावर काढलेले झाकण पुन्हा बसवायला विसरू नका.