कचरा पाहुण्यांचा, भार गावाचा

स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांमध्ये लोणावळ्याचा क्रमांक 2020 मध्ये देशात तिसरा, 2021 मध्ये दुसरा आणि 2023 मध्ये पुन्हा तिसरा होता. तरीही पावसाळ्यातला शनिवार-रविवार उलटला की भुशी धरणाच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि खाऊन टाकलेली कणसे दिसतात.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सर्वेक्षणात घरोघरचे संकलन, वर्गीकरण आणि प्रक्रिया तपासली जाते. 2021 मध्ये 6000 पैकी 1800 गुण नागरिकांचा अभिप्राय आणि सहभाग यांना होते. गावातली माणसे ओला-सुका वेगळा करतात, घंटागाडीची वाट पाहतात. पण 2011 च्या जनगणनेत जेमतेम 57 हजार वस्ती असलेल्या गावावर पाहुण्यांचा लोंढा येतो, आणि कचरा मागे ठेवून रविवारी संध्याकाळी परत जातो. शिवाय धरण रेल्वेचे, डोंगर वनखात्याचा. नगरपरिषदेचा झाडू सगळीकडे पोहोचत नाही. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी वाहून आलेला कचरा पुढे देहू-आळंदीकडे नेते.

राष्ट्रीय नियमांना हा पेच ठाऊक आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनीच डोंगरी भागातील स्थानिक संस्थांना पर्यटकांकडून प्रवेशाच्या ठिकाणी कचरा-आकार घेण्याची मुभा दिली होती. नव्या नियमांचा मसुदा डिसेंबर 2024 मध्ये निघाला, त्यावर 60 दिवस हरकती-सूचना मागवल्या गेल्या. 1 एप्रिल 2026 पासूनच्या या नियमांत कचऱ्याचे चार प्रकार वेगळे करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डोंगराळ भागात कचरा हाताळण्याची सोय पाहून पर्यटकांची संख्या आवरण्याचा अधिकारही त्यात आहे.

माथेरानला प्रवेशाच्या ठिकाणी आकार घेणे सोपे आहे. गाड्या दस्तुरीला थांबतात आणि तिथेच प्रवेशकराची पावती फाडता येते. लोणावळ्याला वेस नाही. द्रुतगती मार्ग, जुना महामार्ग, लोकल. माणूस कुठूनही येतो. नाके उभारले तर कोंडी आणखी वाढेल, आणि पर्यटकांवर पोट असलेल्या चिक्कीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे धास्तावतील. त्यांची भीती खोटी नाही.

म्हणून आकार रस्त्यावर न घेता मुक्कामाच्या बिलात आणि वाहनतळाच्या पावतीत घ्यावा. आठवडाअखेर भाड्याने जाणारे बंगलेही त्यात हवेत. दिवसाला 100 किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या हॉटेलांवर वेगळी जबाबदारी आहे. एकटादुकटा बंगला मात्र त्या मापात बसत नाही, म्हणून सुटतो. जमलेली रक्कम कुठे खर्च झाली, हे दर हंगामानंतर फलकावर लागले तरच व्यापारी आणि रहिवासी दोघांचाही विश्वास बसेल.

दिल्लीच्या मसुद्यावर सूचना पाठवण्याची मुदत केव्हाच संपली. असा आकार लावायचा तर उपविधी मात्र नगरपरिषदेलाच करावा लागेल, आणि त्यावरच्या हरकती लोणावळ्यातच ऐकल्या जातील.