अळंबीचा उपचार आणि ‘सरकारमान्य’ हा शब्द

मीरा रोड येथील माझ्या दवाखान्यात अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते. जोडीदाराच्या निधनानंतर आई वा वडील खिन्न आहेत, गोळ्यांनी फारसा गुण नाही, हे तिकडे कळते. आणि दूरध्वनीवर सांगितले जाते, की तिकडे मशरूमच्या एका मात्रेने नैराश्य हटते व हा उपचार सरकारमान्य आहे. ‘डॉक्टर, आपल्याकडे तो कोठे मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ‘सरकारमान्य’ हा शब्द उलगडून पाहिला पाहिजे.

भाजीबाजारातील धिंगरी किंवा बटण मशरूमचा येथे संबंध नाही. काही जातींच्या अळंब्यांत सिलोसायबिन नावाचे द्रव्य असते. शरीरात त्याचे सिलोसिन होते, मेंदूतील सेरोटोनिनच्या ग्राहकांवर त्याचा परिणाम होतो आणि सुमारे सहा तास दृष्टी, काळ व स्वत्वाची जाणीव पालटते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 233 रुग्णांच्या एका चाचणीत, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात 25 मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने तीन आठवड्यांनंतर लक्षणीय उतार दिसला. तेव्हा ही आशा अगदीच पोकळ नाही. मात्र त्या रुग्णांचे सरासरी वय चाळिशीच्या आसपास होते. पंचाहत्तरी गाठलेल्या, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणाऱ्या आजोबांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर 2020 मध्ये या सेवेला मान्यता दिली. परंतु नियम तयार करण्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याला दोन वर्षे देण्यात आली आणि प्रत्यक्ष सेवा 2023 मध्ये सुरू झाली. तेथे अळंबी पिकविणारा, तिची तपासणी करणारी प्रयोगशाळा, सेवा केंद्र आणि सोबत बसणारा मार्गदर्शक, या प्रत्येकाला राज्याचा स्वतंत्र परवाना लागतो. अळंबीची एकच जात चालते आणि एका सत्रात किती सिलोसायबिन द्यावे याला कमाल मर्यादा आहे. मात्रा केंद्रातच घ्यावयाची, घरी नेता येत नाही. ठरलेला अवधी संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही. वय 21 पूर्ण हवे. आधी तयारीची बैठक होते आणि तीत विचारले जाते: गेल्या तीस दिवसांत लिथियम घेतले आहे काय? पूर्वी कधी मनोविकृतीचे निदान झाले होते काय? उत्तर होकारार्थी असल्यास सेवा नाकारली जाते.

आता एक बाब, जी दूरध्वनीवर सहसा सांगितली जात नाही. ऑरेगॉनमध्ये हा वैद्यकीय उपचार समजला जात नाही. मार्गदर्शक डॉक्टर असण्याची अट नाही. त्या भूमिकेत त्याला निदान करण्याचा वा औषध देण्याचा अधिकारही नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार हे द्रव्य आजही निषिद्ध आहे. खर्च बहुधा हजार डॉलरांच्या पुढे जातो आणि तो स्वतःच्या खिशातून करावा लागतो. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून वेगळी वाट धरली: तेथे अधिकृत केलेला मनोविकारतज्ज्ञच, औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी, सिलोसायबिन लिहून देऊ शकतो. वैद्य म्हणून मला ही दुसरी वाट अधिक पटते.

आपल्याकडे सिलोसायबिन 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. जानेवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निर्णय देताना निसर्गतः उगवणारी अळंबी त्या यादीत येत नाही, असे मत नोंदविले. त्याचा आधार घेऊन समाजमाध्यमांवर ‘आता कायदेशीर’ अशी आवई उठली. तो प्रश्न आरोपीच्या जामिनाचा होता; उपचार केंद्राचा परवाना त्यातून कोणालाही मिळालेला नाही. महाराष्ट्रात अशी सेवा देणारे परवानाधारक केंद्र नाही. कोणी शिबिराच्या वा साधनेच्या नावाखाली ती देऊ करत असेल, तर तेथे मात्रा कोणी तपासलेली नसते आणि लिथियमचा प्रश्नही कोणी विचारणार नसतो. लिथियमसोबत हे द्रव्य घेतल्यास झटके येऊ शकतात. या द्रव्याने नाडी व रक्तदाब काही तास वाढतो. हृदयरोग्याला ते झेपेलच असे नाही. भ्रमावस्थेत उठून चालू लागलेल्या वृद्धाचे खुब्याचे हाड मोडणे ही तर साधी शक्यता. (पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला उगवणारी छत्री ‘हीच ती’ म्हणून कोणी खाऊ नये. काही विषारी अळंब्यांची लक्षणे सहा-बारा तासांनी दिसू लागतात आणि तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते.)

मला अधिक भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. नैराश्याच्या काही गोळ्यांमुळे या अळंबीचा परिणाम मंदावतो, असे कोठेतरी वाचून रुग्ण चालू औषध परस्पर बंद करतात. मग चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता सुरू होते आणि मूळ आजार उसळून येतो. घरच्यांनी गोळ्यांची पाकिटे अधूनमधून मोजावीत.

शासनाची देखरेख आपल्याकडेही आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यानुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केल्यावाचून मनोरुग्णांसाठी आस्थापना चालविता येत नाही. पहिल्याच उल्लंघनाला 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याखेरीज विद्युत उपचार करण्यास याच कायद्याने मनाई आहे. तक्रारीसाठी पुनर्विलोकन मंडळ असून त्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक दर्शनी जागी लावणे आस्थापनेवर बंधनकारक आहे. दाखल करण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागावे. त्यात संकोच कसला?

दोन औषधांनी गुण आला नाही, तरी मार्ग संपत नाहीत. औषध बदलणे, जोडीला दुसरे देणे, थायरॉइड व बी-12 तपासणे, समुपदेशन, विद्युत उपचार आणि निवडक रुग्णांत मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केटामाइन, हे सारे येथे कायदेशीररीत्या उपलब्ध आहे. 1901 पासून चालू असलेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, निःशुल्क बोलता येते. दूरध्वनी करताना चालू औषधांची यादी जवळ ठेवावी. पहिल्या काही प्रश्नांतच तिची गरज भासते.