मुखमार्जनाची द्रव्ये

आपण सारेच दिवसातून दोन-तीन वेळा तोंड धुतो. परंतु ज्या वस्तूने धुतो ती वस्तू चेहऱ्यावर नेमके काय करते, याचा विचार आपण क्वचितच करतो. पूर्वी तो करण्याचे फारसे कारणही नव्हते. न्हाणीघराच्या कोनाड्यात साबणाची एक वडी असे आणि दिवाळीला उटण्याची वाटी पुढे येई. आज दुकानात गेले म्हणजे वड्या, जेल, फेस, दुधासारखे द्रव अशी रांगच दिसते, आणि प्रत्येक वेष्टनावर बारीक अक्षरांत पंधरा-वीस परकी नावे छापलेली असतात. ही नावे वाचावी कशी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

माझी एक भाची लग्नानंतर राजस्थानातील एका शहरात राहावयास गेली. वर्षभरातच तिचा चेहरा कोरडा पडला आणि गालांवर लाल चट्टे उठू लागले. आपला चेहरा नीट स्वच्छ होत नाही, असा तिने समज करून घेतला; दोन वेळांऐवजी पाच वेळा साबण लावू लागली. चट्टे वाढतच गेले आणि ती चार लोकांत जाण्याचे टाळू लागली. तिची चूक निष्काळजीपणाची नव्हती, अतिकाळजीची होती. ती समजण्यासाठी प्रथम त्वचेकडे पाहिले पाहिजे.

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर कागदाहूनही पातळ असतो. तो मृत पेशींचा बनलेला असतो आणि त्या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. भिंतीत विटा आणि त्यांच्यामध्ये चुना, अशी ही रचना होय. हा चुना शाबूत असेतो शरीरातील ओलावा बाहेर जात नाही आणि बाहेरची उपद्रवी द्रव्ये आत शिरत नाहीत. शिवाय निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. आम्लता मोजण्याच्या पीएच मापाने ७ हा आकडा उदासीन मानतात. त्वचेचा आकडा साधारणतः ५ च्या आसपास असतो. या आम्ल आवरणाचे महत्त्व शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये दाखवून दिले.

आता साबणाकडे वळू. तेल किंवा चरबी यांवर अल्कलीची क्रिया झाली म्हणजे साबण तयार होतो. या क्रियेचे मर्म शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडले व त्यावरील आपला ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध केला. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलाकडे. असे असंख्य रेणू तेलाच्या कणाला वेढतात आणि पाण्याबरोबर त्याला वाहून नेतात. कोणत्याही मार्जकद्रव्याचे तत्त्व हेच.

मात्र साबणाच्या दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की त्याचे द्रावण अल्कधर्मी असते. त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात जातो. मळाचे तेल आणि त्वचेच्या फटींतील स्निग्धता यांतही त्याला भेद कळत नाही. दुसरी मर्यादा पाण्याची. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतात, आणि त्यातून न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जमणारी पांढरट पुटे ती हीच. हा साका चेहऱ्यावरही राहतो. कोकणातल्या मऊ पाण्यात जो साबण सोसतो, तोच विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात त्रास देऊ शकतो. माझ्या भाचीने साबण बदलला नव्हता. तिचे पाणी बदलले होते.

साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ असा आकडा असतो. तो एकूण मेदद्रव्याचा होय. २००४ च्या भारतीय मानकात अंगाच्या साबणाच्या तीन प्रती सांगितल्या आहेत. त्यांत हे प्रमाण किमान ७६, ७० आणि ६० टक्के असावे लागते. हा आकडा मोठा असला म्हणजे वडीत भरताड कमी आहे एवढे समजावे. ती अल्कधर्मी नाही असे मात्र समजू नये.

दुसरा वर्ग संश्लेषित मार्जकांचा. यांची वडी १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत बाजारात आली. यांचा पीएच त्वचेच्या जवळ राखता येतो आणि जड पाण्यात त्यांचा तसा साका होत नाही. पण सारी संश्लेषिते सारखी नव्हेत. सोडियम लॉरिल सल्फेट इतके तीव्र आहे, की त्वचेचा दाह अभ्यासण्यासाठी संशोधक तेच मुद्दाम वापरतात. त्याचे भावंड सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य असते. सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट आणि डेसिल ग्लुकोसाइड आणखी सौम्य. कोकॅमिडोप्रोपिल बीटेन जोडीला असले म्हणजे तीव्र द्रव्याची धारही बोथट होते. म्हणून एकच नाव पाहून भिऊ नये, मिश्रण पाहावे.

घरगुती द्रव्यांचे काय? हरभरा व मसूर यांचे पीठ तेल शोषून घेते. मुलतानी मातीही तेच करते, पण कोरड्या त्वचेला ती अधिकच कोरडी करते. शिकेकाई व रिठा यांत सॅपोनिन नावाचे नैसर्गिक फेसद्रव्य असते. रिठा डोळ्यांत गेला म्हणजे काय होते, हे बालपणी आपण सर्वांनी अनुभवले आहे. तेव्हा नैसर्गिक म्हणजे सौम्य, असा नियम नाही. लिंबाचा रस तर त्वचेच्या मानाने फारच आम्ल असतो, आणि तो लावून उन्हात गेल्यास डाग उमटू शकतात. सायीत कालवलेले पीठ रुक्ष त्वचेला मानवते. परंतु कालवलेले पीठ त्याच वेळी संपवावे, कारण ओले पीठ लवकर आंबते. बाटलीतील द्रवात परिरक्षक घालतात तेही याच कारणाने.

यादी वाचण्याची किल्ली सोपी आहे. २०२० च्या भारतीय सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेली द्रव्ये उतरत्या प्रमाणाने लिहावी लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेली त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने येतात. बहुधा पहिले नाव पाण्याचे असते. त्यानंतरची तीन-चार नावे त्या वस्तूचा खरा स्वभाव सांगतात. ग्लिसरीन तेथे असेल तर ते ओलावा धरून ठेवते. केशर, कोरफड, जीवनसत्त्वे यांची चित्रे दर्शनी बाजूस असतात, पण नावे बहुधा शेवटी. शिवाय अर्ध्या मिनिटात धुऊन जाणाऱ्या वस्तूने त्वचेचे पोषण ते किती व्हावे? मुरुमांसाठी सॅलिसिलिक आम्ल उपयोगी आहे, कारण ते तेलात मिसळते. परंतु कोरड्या, चट्टे उठलेल्या चेहऱ्याला ते जाचते. सुगंधी द्रव्ये हे त्वचेच्या वावड्याचे एक नेहमीचे कारण आहे. नाजूक त्वचेने ती टाळावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तोंड धुण्याच्या कोणत्याही वस्तूने त्वचेचा मूळ वर्ण बदलत नाही. मळ निघाल्याने चेहरा उजळ वाटतो, एवढेच. लग्नाच्या वयाच्या मुलीला यापलीकडचे आश्वासन देणारे वेष्टन तिच्या त्वचेची नव्हे, तिच्या मनाची दुर्बळता हेरीत असते.

भाचीला त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला उपाय सांगितला तो कमी करण्याचा. दिवसातून दोनदाच, सुगंधरहित सौम्य मार्जक, कोमट पाणी, आणि अंग ओले असतानाच साधे मलम. काही आठवड्यांत चट्टे ओसरले. धुतल्यावर चेहरा ताठ ओढल्यासारखा वाटणे, याला आपण स्वच्छता समजत आलो आहो. वस्तुतः ती त्वचेची तक्रार असते. ती ऐकावी, मग यादी वाचावी आणि किंमत सर्वांत शेवटी पाहावी.