एक डिश, अनेक खोल्या

गेल्या वर्षी मृग लागायच्या सुमारास अम्मी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, अलहम्दुलिल्लाह. पण डॉक्टरांनी बजावले, "वॉकर धरून पलंगापासून न्हाणीपर्यंत चाला, त्यापलीकडे काही महिने उंबरे ओलांडू नका." आमचे घर जुने, चिऱ्याचे. अम्मींची खोली मागच्या बाजूला आणि टीव्ही पुढच्या बैठकीत. मध्ये तीन भिंती आणि चार उंबरे.

इशाची नमाज झाली की अम्मींना बातम्या पाहायची सवय. सह्याद्रीवरच्या मराठी बातम्या, मग डीडी उर्दूवर काही असले तर ते. पलंगाला खिळल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. फक्त रोज रात्री विचारायच्या, "आज काय दाखवलं?" आम्ही दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हायचो. एके रात्री त्यांनी विचारलेच नाही. ते आम्हाला जास्त लागले.

आता उपाय काय? दुसरा टीव्ही आणि दुसरी डिश हा एक मार्ग होता. गच्चीवरून आणखी एक केबल काढून तीन भिंती भोकसणे हा दुसरा. चिऱ्याची भिंत भोकसणे म्हणजे काय, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. मोबाइल हातात देऊन पाहिला, तर थोरली दहावीला, तिचे धडे मोबाइलवर. दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला. शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्याने सुचवले, "सर्व खोल्यांत डिश कशाला नेता? डिशमधून आलेले चित्र घरच्या वायफायवरून न्या की." आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. तारा-जोडणीशी आमचा संबंध इस्त्रीच्या पिनेपुरता. तरीही हे काम आम्ही घरीच केले. ते कसे केले आणि त्यातून काय कळले, ते आपल्या वाचक भगिनी-बंधूंसमोर ठेवत आहोत.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू, कारण तो आमचाही होता. आपण 'वायफाय' आणि 'इंटरनेट' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात नगरपालिकेचे पाणी आणि घरातली नळजोडणी यांत जो फरक आहे, तोच या दोन्हींत आहे. पालिकेचे पाणी आले नाही तरी गच्चीवरच्या टाकीत पाणी असेल, तर घरातले सगळे नळ चालतात. तसेच राउटर हे घरातले नळाचे जाळे. डिश ही आपली गच्चीवरची टाकी. डिशवर आलेले कार्यक्रम या जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोहोचवायला इंटरनेट लागत नाही, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. आमचे रिचार्ज संपले त्या दिवशीही अम्मींच्या खोलीत बातम्या चालू होत्या.

डिश करते काय?

आमच्याकडे दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. डिश आणि सेट टॉप बॉक्स एकदा घेतला की झाले. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणूनच महाराष्ट्रात या डिशचे तोंड आग्नेयेकडे असते.

डिशसमोर जो छोटा डबा असतो त्याला एलएनबी म्हणतात. तो उपग्रहाच्या अतिउच्च लहरी पकडून त्यांची वारंवारिता कमी करतो, म्हणजे त्या केबलमधून खाली उतरू शकतात. खाली सेट टॉप बॉक्समध्ये दोन कामे होतात. एक, ट्यूनर हवी ती लहर निवडतो. दोन, त्यातल्या आकड्यांचे चित्र आणि आवाज बनतो. नेहमीच्या बॉक्समध्ये ही दोन्ही कामे एकाच डब्यात होतात. आमच्या युक्तीत ती वेगळी केली जातात: ट्यूनर एका जागी, आणि चित्र बनवण्याचे काम ज्याच्या त्याच्या खोलीतल्या पडद्यावर. मधला प्रवास घरच्या जाळ्यातून. चित्र पुन्हा दाबून लहान केले जात नाही, आले तसे पुढे जाते. म्हणून त्याचा दर्जा घसरत नाही.

यासाठी 'सॅट-आयपी' नावाची ठरलेली पद्धत आहे. लक्झेंबर्गच्या एसईएस या उपग्रह कंपनीने इतरांच्या साथीने ती २०१२ साली पुढे आणली. पण कल्पना त्याहून जुनी आहे. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली असाच विचार केला होता: उपग्रहावरचे कार्यक्रम डिशवरून घ्यावेत आणि वसतिगृहाच्या जाळ्यातून विद्यार्थ्यांपर्यंत न्यावेत. त्या खटाटोपातून जे सॉफ्टवेअर जन्मले, ते म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या संगणकावर नारिंगी शंकूच्या चिन्हाने दिसणारे व्हीएलसी. २००१ साली ते सर्वांसाठी मोफत आणि खुले झाले. अम्मींच्या खोलीत आज तेच चालते.

आम्ही काय केले?

डिशवरचा एलएनबी बदलून दोन तोंडांचा बसवला. एका तोंडाची केबल पूर्वीसारखी बैठकीतल्या सेट टॉप बॉक्सला. दुसऱ्याची केबल, तिथेच शेजारी, एका यूएसबी ट्यूनरला. हा ट्यूनर रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाला जोडला आणि त्यावर टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर चढवले. या छोट्या संगणकाचे काम दुकानातल्या पोऱ्यासारखे: कुठल्या खोलीतून कोणती वाहिनी मागितली ते ऐकायचे आणि ती राउटरकडे सोपवायची.

यात दोन चुका झाल्या, त्याही सांगतो. पहिला ट्यूनर आम्ही डब्यावरचे चित्र पाहून घेतला. तो आमच्या छोट्या संगणकाने ओळखलाच नाही आणि दुकानदाराने परत घेतला नाही. ट्यूनर लिनक्सवर चालतो का आणि तो उपग्रहाच्या लहरींसाठी, म्हणजे डीव्हीबी-एस२ प्रकारचा आहे का, एवढे दोन प्रश्न घेण्याआधी विचारावेत. केबल टीव्हीचा आणि अँटेनाचा ट्यूनर वेगळा असतो. तो इथे कामाचा नाही.

दुसरी चूक वायफायवर फार भरवसा ठेवण्याची. साध्या दर्जाच्या एका वाहिनीला सेकंदाला साधारण दोन ते चार मेगाबिट लागतात. कागदावर ही काही मोठी मागणी नाही. पण तीन चिऱ्याच्या भिंती ओलांडेपर्यंत वायफाय दमून जायचे आणि निवेदिकेचे तोंड उघडे ते उघडेच राहायचे. शेवटी आढ्याखालून लॅनची साधी केबल नेली. ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आणि दाराच्या चौकटीवरच्या जुन्या वायरीच्या भोकातूनच गेली. ज्या खोलीत टीव्ही कायम ठेवायचा आहे तिथे केबल, आणि हिंडत्या मोबाइलसाठी वायफाय, असा हिशेब ठेवला तर त्रास वाचतो.

अम्मींच्या पलंगासमोर धाकट्याने छोटा अँड्रॉइड टीव्ही लावला आणि त्यावर फक्त पाच वाहिन्यांची यादी केली. पाचशे वाहिन्यांपेक्षा पाच बऱ्या, रिमोट हातात गोंधळत नाही.

ट्यूनर एक, मशवरा सर्वांचा

आता एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. उपग्रहावर वाहिन्या सुट्या येत नाहीत, गठ्ठ्यांनी येतात. एका गठ्ठ्यात डझनभर किंवा त्याहून जास्त वाहिन्या असतात. एक ट्यूनर एका वेळी एकच गठ्ठा उचलतो. त्या गठ्ठ्यातल्या वेगवेगळ्या वाहिन्या वेगवेगळ्या खोल्यांत एकाच वेळी दिसू शकतात. पण कुणाला दुसऱ्या गठ्ठ्यातली वाहिनी हवी असेल, तर दुसरा ट्यूनर हवा.

आम्हाला हे भांडणातून कळले. पीएम ई-विद्या योजनेत पहिली ते बारावी प्रत्येक वर्गाला एक वाहिनी आहे. २०२० मध्ये बारा वाहिन्यांची ही योजना आली आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ती संख्या २०० करण्याची घोषणा झाली. थोरली आपल्या खोलीत टॅबवर गणिताचा धडा पाहू लागली की अम्मींच्या बातम्या बंद पडायच्या. ती म्हणाली, "दादी, तुमच्या बातम्या रात्री पुन्हा लागतील, माझा धडा नाही लागणार." अम्मी म्हणाल्या, "बेटी, तू शीक. बातम्या कुठे पळून जातात?" पण आम्हाला त्यांचा चेहरा दिसत होता. दुसरा ट्यूनर पुढच्या पगाराला घेतला. तोवर सर्वांनी बसून वेळा वाटून घेतल्या आणि कागद फ्रिजवर चिकटवला. खरे सांगायचे तर ट्यूनर दोन झाल्यावरही तो कागद काढला नाही. कोण केव्हा काय पाहणार, हे सर्वांच्या मशवऱ्याने ठरलेले बरे असते.

काही मर्यादा

मुसळधार पावसात चित्र जाते. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. घरातले जाळे कितीही चांगले असले तरी टाकीच कोरडी तर नळ काय करणार? मोठी डिश थोडी मदत करते. जोडांत पाणी शिरू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी ते टेपने गुंडाळावेत.

ही युक्ती मोफत, खुल्या वाहिन्यांसाठीच आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवेच्या वाहिन्यांना कुलूप असते आणि किल्ली त्या कंपनीच्या बॉक्समध्ये. बाजारात कुलूप तोडून देणारेही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. जे आपण विकत घेतले नाही ते आपले नाही.

शेवटची गोष्ट

या पद्धतीत चित्र जाळ्यातून फिरून येते म्हणून सेकंद-दोन सेकंद उशिरा पोहोचते. बातम्यांत ते कळत नाही. क्रिकेटमध्ये कळते. एका रविवारी सामना होता. बैठकीत आम्ही सगळे, मागच्या खोलीत अम्मी एकट्या. बैठकीत "आउट!" म्हणून ओरडा झाला. थोड्या वेळाने धाकटा पाणी द्यायला गेला तेव्हा अम्मी हसत म्हणाल्या, "माझ्याकडे गोलंदाज अजून पळतच असतो आणि तुम्ही आउट करून मोकळे होता. मला सगळं शिळं मिळतं रे."

तो परत आला, त्याने बैठकीतला टीव्ही बंद केला आणि उशी उचलून दादीच्या खोलीत गेला. मागोमाग थोरली गेली, मग आम्ही. पलंगाभोवती खाली चटई टाकली. पडदा लहान, माणसे जास्त.

अम्मी आता वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत आणि कधी कधी बैठकीत येऊन बसतात. मागची केबल तशीच आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी असे बिछान्याला लागलेले वडीलधारे असतील, तर ही सोय जरूर करावी. फक्त खोलीत पडदा पोहोचला म्हणजे आपले काम संपले असे समजू नये. आम्ही काही दिवस तसे समजलो होतो.