नाळेतले रक्त साठवावे का?

गेल्या महिन्यात वारजे माळवाडीतील एक रिक्षाचालक पत्नी व आईला घेऊन दवाखान्यात आला. पत्नीला आठवा महिना. हातात रंगीत माहितीपत्रक. "डॉक्टर, बाळाच्या नाळेतले रक्त साठवले तर पुढे कोणताही आजार झाला तरी तेच कामाला येते म्हणे. पैसे हप्त्याने भरायचे आहेत. तुम्हीच सांगा, भरू का?"

बऱ्याच वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला दुसऱ्या एका कुटुंबाने विचारला होता. फारसा विचार न करता मी "ठेवा, नुकसान तर नाही" असे बोलून गेलो. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून पैसे भरले. पुढे मुलाला थॅलेसेमिया निघाला आणि साठवलेले रक्त त्याच्या उपयोगाचे नाही असे मोठ्या रुग्णालयात कळले. वडील माझ्यावर रागावले नाहीत. "का नाही, डॉक्टर?" एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर मी आज उशिरा देत आहे.

मूलपेशी म्हणजे काय?

आपले सारे शरीर एका फलित पेशीपासून बनते. एकाच्या दोन, दोनाच्या चार असे करत काही पेशी हृदयाच्या होतात, काही हाडाच्या, काही मेंदूच्या. जनुके बहुतेक सर्व पेशींत सारखीच असतात. प्रत्येक पेशी त्यांतील आपल्या कामापुरतीच वापरते. पुस्तक एकच, पण प्रत्येकाने आपापला धडा वाचायचा, असा हा प्रकार आहे.

काही पेशी मात्र राखीव राहतात. त्या स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करतात आणि गरजेप्रमाणे कामाच्या पेशीही घडवतात. याच मूलपेशी. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. तरी रक्त आटत नाही, कारण हाडांतील मज्जेत मूलपेशी अखंड काम करत असतात. नाळेतल्या व वारेतल्या रक्तात मुख्यतः याच रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. त्यांच्यापासून नवा मेंदू किंवा नवे मूत्रपिंड तयार करण्याचा सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही.

उपयोग खरा, पण कोणाला?

मूलपेशींचे रोपण ही थाप नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली अस्थिमज्जा रोपण केले. पॅरिसमध्ये 1988 साली फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या एका मुलाला नाळेतल्या रक्ताचे पहिले रोपण झाले. पण ते रक्त त्याचे स्वतःचे नव्हते. त्याच्या नवजात बहिणीचे होते.

स्वतःचे का चालत नाही? थॅलेसेमियाचा दोष जनुकातच असतो, म्हणून तो नाळेतल्या पेशींतही असतो. किडके बियाणे कितीही जपून ठेवले तरी पीक कसे येणार? मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही काही वेळा पेशीतला पहिला बिघाड जन्मापूर्वीच झालेला असतो. शिवाय हे रक्त साधारण 100 मिलिलिटरच्या आसपास मिळते. मोठ्या माणसाला त्यातील पेशी बऱ्याचदा अपुऱ्या पडतात.

मधुमेह, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांवर माहितीपत्रकात जे लिहिलेले असते ते अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पुढे स्वतःसाठी उपयोगी पडेल म्हणून केलेल्या खासगी साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही.

"पण उद्या शोध लागला तर?"

विक्रेत्याचा हा हुकमी प्रश्न. शोध लागत आहेत, हे खरे. जपानचे शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या त्वचेतील साध्या पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखे केले. 2007 साली माणसाच्या पेशींतही ते साधले आणि 2012 साली जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. सिकलसेल व थॅलेसेमियावर रुग्णाच्याच मूलपेशींतील जनुकात बदल करण्याच्या उपचाराला 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मान्यता दिली. त्या मूलपेशी उपचाराच्या वेळी रुग्णाच्या रक्तातून घेतात. आपल्या पुण्यातही, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र मूलपेशींवर संशोधन करते. म्हणजे विज्ञान पुढे जात आहे. पण त्यासाठी जन्माच्या वेळी रक्त गोठवून ठेवले पाहिजे असे मुळीच नाही.

अपवाद एक आहे. घरात मोठ्या भावंडाला थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा रोपणाने बरा होणारा अन्य रक्तविकार असेल, तर धाकट्याचे रक्त त्याला उपयोगी पडू शकते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. अशा घरांनी प्रसूतीपूर्वीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटावे.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, शक्य तर लग्नापूर्वी, नाहीतर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत थॅलेसेमियासाठी एचबीए-टू ही रक्ततपासणी करावी. पत्नी वाहक निघाली तर पतीचीही करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. ते वेळीच कळले तर गर्भाची तपासणी करता येते. वाहक असणे हा रोग नव्हे आणि त्यात कोणाचा दोषही नाही.

दुसरी गोष्ट, बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढील काही महिन्यांसाठी लोहाचा साठा होतो. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे दोन तृतीयांश मुलांना रक्तक्षय आढळला होता. अर्थात बाळ जन्मताच रडले नाही, त्याला तातडीच्या मदतीची गरज भासली, तर निर्णय प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांवर सोडावा.

त्या रिक्षाचालकाला मी हेच सांगितले. फाइलमधला एचबीए-टूचा अहवाल पाहिला. तो ठीक होता. "मग ते पैसे?" त्याच्या आईने विचारले. म्हटले, "आजी, बाळंतपणाला आणि सुनेच्या खाण्यापिण्याला ठेवा. आणि ते रक्त बाळाच्याच अंगात जाऊ द्या."