भुकेचे चित्रकार

१९४३चा बंगालचा दुष्काळ हा दुसऱ्या महायुद्धाचाच एक भाग होता. जपानने १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. शत्रू पुढे सरकलाच तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून ब्रिटिश सरकारने किनारपट्टीतल्या होड्या आणि धान्य काढून घेतले. सैन्याची खरेदी आणि साठेबाजी यांनी भाव भडकले. सुमारे तीस लाख माणसे मेली असा अंदाज आहे. इथे रणांगण नव्हते, त्यामुळे युद्धचित्रांचा ठरीव साचाही चित्रकारांच्या कामाचा नव्हता.

कलकत्त्याच्या कलाशाळेत शिकवणाऱ्या झैनुल आबेदीन यांनी फुटपाथवरची मरणासन्न माणसे स्वस्त कागदावर, काळ्या शाईच्या जाड फटकाऱ्यांनी रेखाटली. दुसरे चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात हिंडले. तिथली रेखाटने आणि टिपणे यांचे 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक निघाले, पण सरकारने ते जप्त करून त्याच्या प्रती नष्ट केल्या. हातात बंदूक नसलेल्या माणसाच्या रेघांना सत्ता किती भ्याली होती, हे यावरून कळते. चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहिले. त्यांचा ओढा लिनोकटकडे होता, कारण एका ठशावरून अनेक प्रती निघतात आणि चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडत नाही.

चित्तगावचे सोमनाथ होर या दोघांपेक्षा लहान. दुष्काळातली माणसे रेखाटायला त्यांना चित्तप्रसादांनी प्रवृत्त केले. आबेदीन हे होर यांचे कलाशाळेतले शिक्षक. १९४६ मध्ये तेभागा आंदोलनातल्या बटाईदार शेतकऱ्यांमध्ये राहून त्यांनी रोजनिशी लिहिली, रेखाटने केली. त्यांचे सर्वांत धाडसी काम मात्र १९७०च्या दशकातले. 'जखमा' या मालिकेत ना माणूस आहे, ना शाई. माती किंवा मेणाच्या पत्र्यावर सुरीने, तापल्या सळईने ओरखडे काढायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. सुकलेला पांढरा कागद कातडीसारखा फाटलेला, सुजलेला दिसतो. आबेदीन यांच्या चित्रात भुकेला माणूस समोर असतो. इथे पाहणाऱ्याला तो माणूस स्वतः आठवावा लागतो, आणि म्हणूनच ही चित्रे बंगालपुरती राहत नाहीत.

होर कांस्यशिल्पेही करत. व्हिएतनामच्या जनतेला वाहिलेले त्यांचे मायलेकराचे मोठे कांस्यशिल्प १९७७ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनातून चोरीला गेले. त्यांची बाकीची कांस्यशिल्पे बहुतेक लहान आकाराची आहेत. त्यांत चिरफाळलेला पातळ पत्रा दिसतो, जखमांच्या त्या कागदासारखाच.